मावशींना सांगायचं कसं?

वाचक मैत्रिणीचं पत्र:

“नाशिकला माझं पाळणाघर आहे. 9 वर्षं झाली. सकाळी 8 ते संध्याकाळी 7, एक ते सहा वयाची 22 मुलं, तीन मावशी आणि दोन ताई. मोठ्या मावशी पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. जूनमध्ये एक नवीन ताई आली, बालशिक्षणाचा कोर्स केलेली, हुशार. गेल्या महिन्यात मोठ्या मावशी दीड वर्षाच्या एका मुलाला हनुवटी धरून वरणभात भरवत होत्या, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, ‘मावशी, असं भरवायचं नसतं, हे चुकीचं आहे.’ मावशींनी वाटी खाली ठेवली, आत गेल्या आणि पुढचे दोन दिवस आल्याच नाहीत. मी कोणाचं नाव न घेता व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवणाबद्दल सूचना टाकल्या. सगळ्यांनी अंगठे पाठवले, मावशी ग्रुपमधून बाहेर पडल्या. मग शनिवारी फीडबॅक मीटिंग घेतली, फॉर्म छापून वाटले. पाचही जणींनी लिहिलं, ‘सर्व छान आहे.’ खरं तर मावशी मनाला लावून घेणाऱ्या नाहीत. मागे एकदा डायपर बदलायचा राहिला म्हणून एका आईसमोर मी त्यांना बोलले होते, तेव्हा त्यांनी निमूट ऐकून घेतलं होतं. आमच्याकडे कोणी कोणाला मोकळेपणानं काही सांगूच शकत नाही. काय करू?”

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ‘आईसमोर मी त्यांना बोलले, त्यांनी निमूट ऐकून घेतलं.’ पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी तिथेच थांबले.

आपली भाषा या बाबतीत फार प्रामाणिक आहे. ‘ती माझ्याशी बोलली’ म्हणजे गप्पा झाल्या. ‘ती मला बोलली’ म्हणजे बोलणी बसली. ‘शी’ आणि ‘ला’ एवढाच काय तो फरक. ‘ऐकलं’ म्हणजे मानलं, ‘ऐकून घेतलं’ म्हणजे दात आवळून सोसलं आणि ‘ऐकवलं’ तर विचारायलाच नको. फीडबॅकला अभिप्राय असा शब्द आहे खरा, पण तो शेऱ्यांच्या वहीत राहतो. घरात, चाळीत, सासरी, कामावर आपल्या बायकांच्या कानावर आयुष्यभर पडलेले प्रकार वेगळेच: टोमणा, शालजोडीतला, कानउघाडणी. त्यामुळे ‘जरा बोलायचंय तुमच्याशी’ एवढं म्हटलं तरी मावशींच्या पोटात गोळा येणार. त्या तेव्हा गप्प राहिल्या त्याचा अर्थ ‘मनाला लावून घेत नाहीत’ असा तुम्ही काढलात. मला तरी वाटतं की त्यांनी ते डायपर प्रकरण जपून ठेवलंय, आणि नव्या ताईच्या वाक्यानंतर वाटी खाली ठेवली तेव्हा दोन्हीचा हिशेब एकदम केला.

त्यात आपल्या, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्यांच्या, कामात नात्यांची भानगड. बँकेत, दुकानात माणसं एकमेकांना साहेब-मॅडम म्हणतात आणि कामाचं काम बोलतात. आपल्याकडे सगळ्या मावश्या आणि ताया. मुलांसाठी ते छानच आहे, मी ते बदला म्हणणार नाही. पण भाची मावशीला चूक दाखवत नसते. ती गप्प बसते, नाहीतर दुसऱ्या मावशीकडे जाऊन बोलते. तुमच्याकडेही हे दुसरं चालूच असणार, मोरीपाशी, चहाच्या वेळी. म्हणजे सांगणं बंद नाहीये, फक्त ज्या माणसाला सांगायचं त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.

आता नव्या ताईचं. ती बरोबर होती, हे आधी स्पष्ट करून टाकू, नाहीतर मावशींचा मान राखता राखता त्या पोराचं राहून जाईल. हनुवटी धरून भरवायचं नाही. मुलानं तोंड फिरवलं, ओठ मिटले, घास जिभेनं बाहेर ढकलला, म्हणजे पोट भरलंय किंवा आत्ता नकोय. काय आणि केव्हा वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या शिफारशींतही सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी हेच आहे: बाळाच्या भुकेच्या आणि पोट भरल्याच्या खुणा ओळखून भरवा. रडत्या मुलाच्या तोंडात घास कोंबला तर तो श्वासनलिकेत जायची भीती असते ती वेगळीच.

पण तिच्या वाक्यात मूल कुठेच नव्हतं. ‘असं भरवायचं नसतं, हे चुकीचं आहे.’ मावशींना त्यात ऐकू आला तो कोर्स. विशी-पंचविशीतल्या मुलीनं, चार जणींसमोर, ज्यांनी आपली आणि लोकांची मिळून शंभरेक पोरं जेवू घातली असतील अशा बाईला. ‘मावशी, त्यानं तोंड फिरवलंय, बास करूया का?’ एवढं हळूच म्हटलं असतं तर बहुधा वाटी खाली गेली नसती. ते वाक्य मुलाबद्दल आहे. पहिलं मावशींबद्दल होतं.

तुम्ही मात्र याच्यापुढे गेलात. व्हॉट्सॲपवर नाव न घेता टाकलेली सूचना म्हणजे मोघम टोमणा असतो हो. सहा माणसांच्या ग्रुपमध्ये ती कोणासाठी आहे हे सहाही जणींना कळतं, आणि जिच्यासाठी आहे तिला उत्तरही देता येत नाही, कारण तिचं नाव कुठे घेतलंय? बाकीच्यांनी अंगठे पाठवले म्हणता. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

फॉर्मचं तर मला हसूच आलं, रागावू नका. जी पगार देते तिच्या हातात, आपल्या अक्षरात, नावानिशी लिहून द्यायचं की तुझं काय चुकतं! आणि मावशींचं शिक्षण तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझ्याकडे कामाला असलेल्या अर्ध्याअधिक बायकांना छापील मजकूर वाचायला वेळ लागायचा आणि ते कोणाला कळू नये म्हणून त्या शेजारणीचं बघून लिहायच्या. ‘सर्व छान आहे’ हे पाचही कागदांवर एकाच शब्दांत आलं असेल तर ते एकीनं लिहिलं आणि चौघींनी उतरवलं.

तर सुरुवात कुठून? मावशींच्या भरवण्यापासून नाही. तुमच्या डायपरपासून.

कुठे बसून सांगायचं त्यालाही महत्त्व आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, तिथे आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. (पुढे 1975 मध्ये सरकारी एकात्मिक बाल विकास योजनेनं तोच घेतला.) माणूस आपल्या जागी येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं, ही मला त्यातली मोठी अक्कल वाटते. तुमच्या टेबलापलीकडच्या खुर्चीत मावशी अवघडून बसणार. त्यांचं अंगण म्हणजे स्वयंपाकघर. दुपारी मुलं झोपली की बाकीच्यांपैकी दोघींना झोपेच्या खोलीत बसवा, खोली रिकामी ठेवायची नाही, आणि तुम्ही आत जाऊन मेथी निवडायला घ्या. हाताला काम असलं की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, बोलणं सोपं जातं. मग एवढंच म्हणा: “मावशी, त्या दिवशी डायपरवरून मी तुम्हाला त्या आईसमोर बोलले. ते माझं चुकलं. तुम्हाला आत बोलावून विचारायला हवं होतं.” संपलं. त्याच्या शेपटाला ‘पण तुम्हीही’ जोडू नका. भरवण्याचा विषय त्या दिवशी काढायचाच नाही, कितीही जिभेवर आला तरी. नाहीतर माफी ही पुढच्या रागावण्याची प्रस्तावना होऊन बसते.

दोन-तीन दिवस जाऊ द्या. त्या दिवसांत जेवणाच्या वेळी तुम्ही स्वतः तिथे बसा, आणि नुसतं पाहू नका, एका मुलाला भरवायला घ्या. तुमच्या पत्रावरून ती हनुवटी तुम्ही डोळ्यांनी पाहिली की नव्या ताईकडून ऐकली, हे मला कळलं नाही. ऐकीव गोष्ट घेऊन मावशींकडे गेलात तर मुलीची चहाडी आणि तुमचा अविश्वास, असं दुहेरी होईल. आणि खरं सांगू? एकाच वेळी तीन मुलं जेववायला बसा, एक सांडतंय, एकाला शी आलीय, तिसरं तोंड उघडत नाही. पाठ भरून येते. त्यानंतर तुमच्या बोलण्यातला सूर आपोआप वेगळा लागेल.

मग पाहिलेलं सांगा, काढलेला निष्कर्ष सांगू नका. ‘तुम्ही जबरदस्ती करता’ हा निष्कर्ष झाला, त्यावर भांडण होतं. ‘मंगळवारी तो पाच-सहा घास नीट जेवला, मग दोनदा त्यानं तोंड फिरवलं, तेव्हा तुम्ही हनुवटी धरून पुढचा घास दिलात’ हे पाहिलेलं झालं. वार, मूल, हात. त्याच्यापुढे एकच प्रश्न: ‘काय झालं होतं तेव्हा?’ आणि गप्प बसा. हे गप्प बसणं फार जड जातं. आपण मालकीणबाई लगेच उत्तर पण देऊन टाकतो. मेथीची अख्खी जुडी निवडून होईपर्यंत थांबा.

मी पैज लावते, मावशी म्हणतील, “संध्याकाळी त्याची आई दारातच डबा उघडून बघते. उरलेला दिसला की तोंड वाकडं करते. मग तुम्ही मला विचारता, का नाही जेवला.”

आता सांगा, हनुवटी कोणी धरली? मावशींच्या हातात त्या आईचा हात आहे, आणि तुमचाही. माझ्या अनुभवात खालच्या माणसाच्या चुकीचा धागा ओढत गेलं की निम्म्या वेळा तो वरच्या खुर्चीला बांधलेला सापडतो. म्हणून मावशींना ‘पोट भरलं की थांबा’ सांगण्याआधी पालकांना सांगावं लागेल की डबा संपलाच पाहिजे असं इथे नाही. रोजच्या नोंदीत ‘जेवला / नाही जेवला’ असं असेल तर ते काढा, काय खाल्लं ते लिहा: अर्धी पोळी, चार घास वरणभात, केळं सगळं. आणि एखादी आई दारात कुरकुरली तर उत्तर तुम्ही द्या, मावशींना पुढे करू नका. हे तुम्ही केलंत की मावशींना भरवण्याबद्दल वेगळं सांगावं लागेलच असं नाही. लागलं तर तेव्हा त्या ऐकतील, ऐकून घेणार नाहीत.

इथे एक इशारा. पुस्तकात एक युक्ती सांगतात, आधी स्तुती, मध्ये चूक, शेवटी पुन्हा स्तुती. मावशींवर ती चालवायला जाऊ नका. त्यांनी स्वतः आयुष्यभर पोरांना गुळात गोळी घालून दिलीय, त्यांना गूळ दिसला की गोळी कुठाय ते कळतं. पुढे तुम्ही खरोखर कौतुक केलंत तरी त्या वाट बघत बसतील, आता काय काढतेय म्हणून. कौतुक वेगळ्या दिवशी करा आणि तेही वार, मूल, हात यांच्यासकट. ‘मावशी, तुम्ही छान सांभाळता’ याला काही चव नाही. ‘सोमवारी ते नवीन बाळ आईमागे रडत होतं, तुम्ही त्याला गप्प बस न म्हणता खिडकीशी नेऊन कावळा दाखवलात आणि कावळा उडाल्यावरही तिथेच उभ्या राहिलात’ हे म्हणा. मग त्यांना कळेल की तुम्ही बघत असता, आणि फक्त चुकाच बघत नसता.

सगळ्याच गोष्टींना मेथी निवडायला वेळ नसतो, हेही तितकंच खरं. मोरीत पाण्यानं भरलेली बादली आणि जवळ रांगतं मूल, दोन वर्षांच्या पोराच्या हातात अख्खे शेंगदाणे, बाळाला पालथं झोपवून वर पांघरूण, किंवा कोणाचा तरी संयम सुटून आवाज चढलेला. इथे मान, वय, एकांत काही बघायचं नाही, त्याच क्षणी बोलायचं. पण शब्द आधीच ठरवून ठेवा. स्वयंपाकघरात कोणी उकळतं भांडं घेऊन निघालं की ‘गरम, गरम!’ ओरडतो, कोणाला राग येतो का? तसंच. आमच्याकडे दोन शब्द होते: “मी घेते.” कोणीही, कोणालाही म्हणावेत. अगदी शिकाऊ मुलीनं मालकिणीलासुद्धा. ऐकणारीनं मूल लगेच द्यायचं, ‘का’ विचारायचं नाही, दहा मिनिटं बाहेर जाऊन पाणी प्यायचं. का ते नंतर, दोघींनीच. सुरुवातीला सगळ्या संकोचल्या. मग एका दुपारी अडीच तास रडणाऱ्या बाळापाशी मी स्वतः अगदी टेकीला आले होते आणि आमच्या सगळ्यात धाकट्या मुलीनं येऊन ‘मी घेते’ म्हटलं. मी दिलं. त्यानंतर ते शब्द खऱ्या अर्थानं वापरात आले. नव्या ताईच्या हातात असे शब्द असते तर त्या दिवशी तिला व्याख्यान द्यावं लागलं नसतं.

आणि याच्याही पलीकडचं एक, जे सांगण्या-ऐकण्यात येतच नाही. मारणं, चिमटे काढणं, मोरीत कोंडणं, बांधून ठेवणं याला ‘सुधारणेला वाव’ म्हणत बसायचं नसतं. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 75 खाली तो गुन्हा आहे, आणि संस्थेतल्या माणसानं केला तर 5 वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि 5 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपापसात मिटवू’ म्हणणारी संस्थाचालक स्वतः गुन्हेगार ठरते. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर लावा. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण माणसं सांभाळून घ्यायची म्हणता म्हणता कुठवर सांभाळायची, ही रेघ सगळ्यांना आधीपासून माहीत हवी.

आता ऐकण्याकडे येते, कारण तुमच्याकडे खरी गाठ तिथेच आहे. तुम्ही विचारलंय की त्यांना सांगायचं कसं, पण तुम्हाला कोणी काही सांगितल्याचं पत्रात एकदाही आलेलं नाही. नऊ वर्षांत!

माझी गोष्ट सांगते. आमच्याकडे एक बाई मदतनीस होत्या, फार कमी बोलायच्या. तीन वर्षांनी एकदा, सुट्टीवर निघताना, चपला घालता घालता म्हणाल्या, “बाई, तुम्ही पोरांना शाब्बास म्हणता, पण त्यांच्याकडं बघत नाही.” मी हादरले. दुसऱ्या दिवसापासून स्वतःला पकडत गेले, आणि खरंच होतं. मूल चित्र घेऊन यायचं, माझे डोळे दारातल्या पालकांकडे, तोंडानं शाब्बास. सुट्टीवरून परतल्यावर मी त्यांना विचारलं, तीन वर्षं का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “पहिल्या वर्षी एक सांगितलं होतं. तुम्ही मला कारणं सांगितली.”

काय सांगितलं होतं ते मला आठवतसुद्धा नव्हतं. कारणं बहुतेक खरीच असतील. पण त्यांना एवढंच कळलं की या बाईंना सांगून उपयोग नाही. त्यानंतर मी स्वतःपुरता नियम केला, कोणी काही सांगितलं की पहिलं वाक्य ‘बरं. कधी झालं असं?’ आणि त्या दिवशी ‘पण’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कारण द्यायचंच असेल तर उद्या. गंमत म्हणजे उद्यापर्यंत ते कारण द्यावंसंच वाटत नाही.

तुम्ही आठवड्यातून एकदा, प्रत्येकीला वेगवेगळं, कामाच्या वेळातच (सुट्टी झाल्यावर थांबवून नाही, त्यांची बस असते) विचारा: “या आठवड्यात माझ्यामुळे तुमचं काम कुठे अडलं?” ‘माझं काही चुकतं का’ असं नका विचारू, त्याला ‘नाही हो’ एवढंच उत्तर असतं. पहिले दोन-तीन आठवडे तसंही काही मिळणार नाही. मग कोणीतरी अगदी बारीक काही काढेल: दुपटी कमी पडतात, गीझर उशिरा लावता, पगार सातला म्हणता आणि बाराला होतो. ती परीक्षा असते. त्या आठवड्यात ते करून टाका. दुपटी आली की मोठ्या गोष्टी यायला लागतात. पगाराचं खरंच तसं असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी ते निस्तरा.

नव्या ताईला एकटीला गाठून सांगा की तू बघितलंस ते बरोबर होतं आणि मी त्यावर काम करतेय. हे तिला कळलं नाही तर ती पुढच्या वेळी बघूनही गप्प बसेल, आणि ते जास्त वाईट. त्याच बैठकीत वाक्य मुलाबद्दल कसं करायचं तेही दाखवा. तिच्याकडे कारणं आहेत, मावशींकडे हात आहेत. दोन बाळं एकदम मांडीवर झोपवायची मावशींची काही तरी हातोटी असेलच, ती शिकायला या मुलीला त्यांच्याजवळ बसवा. मैत्री होईल असं मी म्हणत नाही. नाही झाली तरी एकमेकींना ‘मी घेते’ म्हणता आलं म्हणजे पुरे.

मावशींना ग्रुपमध्ये परत घेण्याची घाई करू नका. ग्रुपवर फक्त सुट्ट्या आणि पालकांचे निरोप राहू द्यात.

आणि त्या फॉर्मच्या उरलेल्या प्रती असतील ना? मागून कोऱ्या आहेत. मुलांना चित्रं काढायला द्या.